एका किडीचा माग: कीटकशास्त्र विभागाचे काम कसे चालते?

एखाद्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात तुम्ही प्रथमच गेलात, तर तेथील काही गोष्टी पाहून तुम्हांला नवल वाटेल. एका खोलीत लाकडी कपाटे असतात. कपाटाचा कप्पा ओढला की टाचण्यांना टोचलेले भुंगे, टोळ आणि फुलपाखरे ओळीने मांडलेली दिसतात. प्रत्येकाच्या खाली एक इवलीशी चिठ्ठी असते. दुसऱ्या खोलीत उथळ ट्रेमध्ये कोंब फुटलेले बटाटे ठेवलेले असतात आणि त्या कोंबांवर मुद्दाम कीड वाढवलेली असते. पिके किडींपासून वाचवायची, तर येथे किडी पाळतात कशाला? मेलेले किडे वर्षानुवर्षे जपून ठेवण्यात तरी काय अर्थ? असे प्रश्न मनात येणे अगदी साहजिक आहे.

या प्रश्नांची उत्तरे नुसत्या व्याख्या पाठ करून मिळणार नाहीत. म्हणून आपण प्रत्यक्ष घडलेली एक हकिगत पाहू. ती तमिळनाडूतील कोइमतूर येथील कृषी विद्यापीठात सुरू झाली. हे विद्यापीठ १९७१ साली स्थापन झाले, पण त्याचे मूळ बरेच जुने आहे. १८६८ मध्ये मद्रासजवळ सैदापेट येथे शेतकीची शाळा निघाली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ती कोइमतूरला हलवण्यात आली आणि तेथे कृषी महाविद्यालय उभे राहिले. त्याच महाविद्यालयाचे पुढे विद्यापीठ झाले. दक्षिण भारतातील पिकांवरच्या किडींचा अभ्यास येथे शंभराहून अधिक वर्षे चालू आहे.

२००८ सालचा पांढरा पाहुणा

जुलै २००८ मध्ये कोइमतूरच्या परिसरात पपईच्या झाडांवर एक पांढरी कीड दिसू लागली. पानांच्या मागे, देठांवर आणि फळांवर कापूस चिकटवावा तसे पांढरे पुंजके जमत. पाने आकसत, पिवळी पडत आणि गळून जात. फळे चिकट व काळी होत. अशी फळे बाजारात कोण घेणार?

अशा पिठासारख्या पांढऱ्या किडीला मराठीत पिठ्या ढेकूण म्हणतात. तिच्या अंगावरील पीठ म्हणजे खरे पाहता मेणाची भुकटी असते. ही कीड आपली सुईसारखी सोंड झाडात खुपसून रस शोषते. रसातली साखर तिच्या गरजेपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून जादा साखर ती गोड चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकते. या थेंबांवर काळी बुरशी वाढते. काजळी धरल्यासारखी पाने काळी झाली, की त्यांना सूर्यप्रकाश मिळत नाही. म्हणजे रस शोषल्याने एक नुकसान आणि अन्न तयार होण्याचे काम मंदावल्याने दुसरे, असा झाडाला दुहेरी फटका बसतो. गोड थेंबांसाठी मुंग्या येतात, त्या वेगळ्याच.

संकट पपईपुरते राहिले असते तरी एक वेळ चालले असते. पण ही कीड पन्नासाहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर जगू शकते. तुती, कापूस, वांगी, पेरू, जास्वंद, इतकेच काय, रस्त्याकडेचे गाजर गवतही तिला चालते. तुतीची गोष्ट विशेष लक्षात घ्या. तुतीची पाने रेशीमकिड्यांना खायला घालतात. पानावर कीटकनाशक फवारले आणि ते पान रेशीमकिड्याने खाल्ले, तर कीड मरण्याआधी रेशीमकिडाच मरेल! कीडही नको आणि औषधही नको, अशा कात्रीत ईरोड, तिरुप्पूर भागातील रेशीम-शेतकरी सापडले. काहींनी तुतीचे मळे उपटून टाकले.

टॅपिओका या कंदपिकावरही कीड पसरली. हा कंद तुम्ही पाहिला नसेल, पण त्याच्याशी तुमची ओळख मात्र आहे. आपल्याकडे उपवासाच्या दिवशी खिचडीसाठी जो साबुदाणा भिजवतात, तो याच कंदाच्या पिठापासून होतो आणि त्यातला बराचसा तमिळनाडूतील सेलम भागातून येतो. तेव्हा कोइमतूरची ही कीड आपल्या स्वयंपाकघरापासून फार लांब नव्हती.

साधे गणित करून पाहा

या किडीची एक मादी सुमारे १०० ते ६०० अंडी घालते. उबदार हवेत साधारण एका महिन्यात एक पिढी पूर्ण होते. आपण मध्यम आकडा घेऊ. समजा, एका मादीने ३०० अंडी घातली, सर्व जगली आणि त्यांतील निम्म्या माद्या झाल्या. पहिल्या पिढीत माद्या झाल्या १५०. दुसऱ्या पिढीत १५० × १५० म्हणजे २२,५००. तिसऱ्या पिढीत २२,५०० × १५० म्हणजे ३३,७५,०००. एका मादीपासून तीन महिन्यांत पावणेचौतीस लाख!

प्रत्यक्षात असे घडत नाही, कारण सर्व पिले जगत नाहीत. पाऊस, उपासमार आणि मुख्य म्हणजे शत्रू त्यांची संख्या आटोक्यात ठेवतात. मग कोइमतूरमध्ये ती आटोक्यात का राहिली नाही? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याच्या उत्तरासाठी कीटकशास्त्रज्ञांना आधी तीन लहान प्रश्न सोडवावे लागले: हिचे नाव काय? हिचे गाव कोणते? आणि हिचा शत्रू कोण?

पहिला प्रश्न: नाव काय?

पिठ्या ढेकणांच्या जगात दोन हजारांच्या आसपास जाती आहेत. नुसत्या डोळ्यांना त्या बहुतेक सारख्याच दिसतात. मग नेमकी जात ओळखायची कशी?

काही खुणा साध्या आहेत. जास्वंदीवर नेहमी आढळणाऱ्या गुलाबी पिठ्या ढेकणाला चिरडले तर तांबूस रस निघतो. पपईवरील किडीचे अंग मात्र पिवळे असते. आणखी एक गंमत अशी, की ही पिवळी कीड अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवली की काही वेळाने निळसर काळी पडते. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण हा गुण तिच्या जवळच्या नातेवाइकांतही असतो.

खरी ओळख सूक्ष्मदर्शकाखाली पटते. त्यासाठी किडीची काचपट्टी तयार करावी लागते. मादी असते जेमतेम दोन मिलिमीटर लांब. तिला बारीक छेद देऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात ठेवतात. त्यामुळे आतला मऊ भाग विरघळतो आणि पारदर्शक कातडी तेवढी उरते. मग तिला रंग देऊन, पाण्याचा अंश काढून टाकून, कॅनडा बाल्सम नावाच्या पारदर्शक चिकात काचेवर बसवतात. आता त्या कातडीवरची सूक्ष्म छिद्रे आणि मेण स्रवणाऱ्या नळ्या दिसू लागतात. पपईवरील किडीच्या पाठीवर एका विशिष्ट प्रकारच्या नळ्या फक्त शरीराच्या कडेने असतात, मध्यभागी नसतात. तिच्या मागच्या पायांच्या नडगीवर छिद्रे नसतात. या दोन खुणा जुळल्या, की नाव ठरले: पॅराकॉकस मार्जिनॅटस. भारतात ही जात पूर्वी कधीच नोंदली गेली नव्हती. कीटकशास्त्रज्ञ आर. मुनिअप्पन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये भारत व इंडोनेशिया येथील तिच्या आगमनाची नोंद प्रसिद्ध केली.

नाव कळल्याने काय झाले, असे तुम्ही विचाराल. डॉक्टर रोगाचे निदान आधी करतो आणि औषध नंतर देतो, त्यातलाच हा प्रकार आहे. नाव चुकले, तर पुढची प्रत्येक पायरी चुकते. नाव बरोबर असले, तर जगात त्या किडीविषयी जे काही लिहिले गेले आहे ते सर्व आपल्यासमोर उघडते.

येथे त्या टाचण्यांच्या कपाटांचा उपयोग कळतो. कीटकसंग्रह म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. तो एक प्रकारचा शब्दकोश आहे. नवा किडा आला की तो संग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहतात. म्हणून नमुना ठेवण्याचेही नियम ठरलेले आहेत. भुंग्याला टाचणी त्याच्या उजव्या कठीण पंखातून टोचतात. फुलपाखराला ती छातीच्या मधोमध टोचतात आणि त्याचे पंख फळीवर पसरून वाळवतात. फार लहान कीटक टाचणीवरच्या त्रिकोणी कागदाच्या टोकाला चिकटवतात. पिठ्या ढेकूण, मावा यांसारखे मऊ कीटक अल्कोहोलमध्ये किंवा काचपट्टीवर ठेवतात. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवाव्या लागतात, कारण वाळलेले कीटक खाणारेही कीटक असतात! थोडे दुर्लक्ष झाले, तर पन्नास वर्षांच्या संग्रहाची भुकटी व्हायला वेळ लागत नाही.

या सगळ्यात सर्वांत मोलाची असते ती चिठ्ठी. कीटक कोठे मिळाला, कोणत्या तारखेस, कोणत्या झाडावर आणि कोणी गोळा केला, एवढे तिच्यावर लिहिलेले असते. चिठ्ठी नसलेला सुंदर भुंगा शास्त्रज्ञाच्या फारसा उपयोगी नाही. चिठ्ठी असलेला मोडक्या पायांचा किडा मात्र साक्षीदारासारखा बोलतो. कोइमतूर विद्यापीठाने आपल्या संग्रहाच्या आधारे २०१८ मध्ये सर्वांसाठी एक मोठे कीटक-संग्रहालय उघडले आहे. त्या बाजूला सहल गेली, तर ते जरूर पाहा.

दुसरा प्रश्न: गाव कोणते?

नाव कळताच जुन्या नोंदी चाळता आल्या. या किडीचे नमुने मेक्सिकोमध्ये १९५५ साली गोळा केलेले होते. पण तिचे शास्त्रीय वर्णन आणि नामकरण व्हायला १९९२ साल उजाडले. मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलिझ आणि कोस्टा रिका या देशांत ती सापडत होती. एवढी वर्षे तिच्याकडे कोणी फारसे लक्ष का दिले नाही? कारण मेक्सिकोत ती असते, पण उपद्रव करत नाही. पिकाचे मोठे नुकसान होईल इतकी ती तेथे वाढतच नाही.

१९९० नंतरच्या दशकात ही कीड कॅरिबियन बेटांवर पोहोचली आणि तेथे मात्र तिने धुमाकूळ घातला. १९९८ मध्ये ती अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात सापडली, २००२ मध्ये प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर, आणि २००८ मध्ये आपल्याकडे. या मादीला पंख नसतात. ती समुद्र ओलांडते ती माणसाच्या मदतीने, म्हणजे एखाद्या फळावर, कलमावर किंवा कुंडीतल्या रोपावर बसून. विमानतळावर व बंदरांत झाडे आणि फळे का तपासतात, हे यावरून ध्यानात येईल.

आता वरचा मोठा प्रश्न आठवा. मेक्सिकोत साधी असणारी कीड कोइमतूरमध्ये इतकी का माजली? हवा दोन्हीकडे उबदार, पपई दोन्हीकडे आहे. फरक एकच. कीड समुद्र ओलांडून आली, पण तिचे शत्रू मागेच राहिले. शेतकरी फवारणी करत होते, पण किडीच्या अंगावरील मेणामुळे औषध आत नीट पोहोचत नव्हते. शिवाय ढालकिड्यांसारखे जे थोडे स्थानिक भक्षक तिला खाऊ लागले होते, ते फवारणीत आधी मरत. पैसा खर्च होई आणि कीड पुन्हा वाढे.

तिसरा प्रश्न: शत्रू कोण?

परदेशातून आलेल्या किडीचा शत्रू तिच्या मूळ गावातून शोधून आणायचा, ही कल्पना नवी नाही. १८८८ मध्ये कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका खवले किडीने संपत आल्या होत्या. तेव्हा आल्बर्ट कोबेल या कीटकशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियात जाऊन तिला खाणारा एक छोटा ढालकिडा शोधला व तो पाठवला. थोड्याच काळात बागा वाचल्या. या पद्धतीला जैविक कीड नियंत्रण म्हणतात.

पपईच्या किडीचे शत्रू अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी १९९९ च्या सुमारास मेक्सिकोत शोधले होते. त्या होत्या गांधीलमाशीच्या गणातल्या, पण एक मिलिमीटरहूनही लहान अशा परोपजीवी माश्या. त्यांतली सर्वांत उपयोगी ठरलेली जात म्हणजे असेरोफॅगस पपाये. गंमत अशी, की या माशीला शास्त्रीय नाव मिळाले २००३ मध्ये. तिचे काम आधी सुरू झाले, बारसे नंतर!

ही माशी किडीला खात नाही. मादी आपले अंडे किडीच्या शरीरात घालते. अंड्यातून अळी निघते आणि किडीला आतून खाऊन वाढते. कीड मरते, तिची कातडी फुगून कडक होते आणि ती लहानशा पिंपासारखी दिसू लागते. अशा मेलेल्या किडीला ममी म्हणतात. साधारण दोन ते तीन आठवड्यांत ममीच्या अंगाला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते आणि पुढच्या किडीच्या शोधात निघते. ग्वाम बेटावर या माश्या सोडल्यावर सुमारे वर्षभरात किडींची संख्या ९९ टक्क्यांनी घटली होती.

मग ती माशी लगेच मागवून शेतात सोडावी, असे तुम्हांला वाटेल. पण थांबा. बाहेरचा प्राणी देशात आणणे हे जोखमीचे काम आहे. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात उसावरील भुंगे खाण्यासाठी सुमारे शंभर मोठे बेडूक आणले गेले. त्यांनी उसावरचे भुंगे सोडून दुसरेच प्राणी खाल्ले. त्यांच्या अंगातील विषामुळे त्यांना खाणारे स्थानिक प्राणी मेले. त्यांची संख्या आज कोट्यवधींवर गेली आहे आणि तो देश अजून त्यांच्याशी झगडतो आहे. शत्रूचा शत्रू प्रत्येक वेळी आपला मित्र असतोच असे नाही.

म्हणूनच विलगीकरण प्रयोगशाळा लागते. येथे एकामागे एक अशी दोन दारे असतात आणि दोन्ही एकाच वेळी उघडत नाहीत. खिडक्या बंद, हवा येण्याच्या वाटांवर अतिशय बारीक जाळी आणि बाहेर जाणारा केरकचराही आधी निर्जंतुक केलेला. आलेल्या पार्सलातून नेमकी हवी तीच जात निघते की नाही, हे येथे पाहतात. कधी कधी परोपजीवी माशीवर जगणारी दुसरी माशी सोबत येते. ती शेतात गेली, तर आपल्या मित्राचाच घात होईल. नंतर ही माशी दुसऱ्या कीटकांवर, विशेषतः उपयोगी कीटकांवर, अंडी घालते का, याची तपासणी करतात.

भारत सरकारच्या परवानगीने जुलै २०१० मध्ये असेरोफॅगस पपाये आणि तिच्या जोडीला आणखी दोन जातींच्या माश्या प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून बंगळुरूला आणल्या गेल्या. आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत त्यांचे विलगीकरण झाले. ही पायरी पार पडल्यावरच त्या विद्यापीठाच्या हाती आल्या.

बटाट्यांचे रहस्य

आता अडचण वेगळीच होती. बंगळुरूहून येणाऱ्या माश्या मूठभर आणि कीड कित्येक जिल्ह्यांत पसरलेली. माश्या लाखांनी वाढवायला हव्यात. पण माशी वाढते फक्त किडीच्या शरीरात. म्हणजे आधी कीड वाढवली पाहिजे! आणि कीड वाढवायची तर तिला ताजे, कोवळे झाड पाहिजे. पपईची शेकडो रोपे खोलीत कशी ठेवणार?

येथेच बटाटा उपयोगी पडतो. बटाटे धुऊन, निर्जंतुक करून अंधाऱ्या जागी ठेवले की त्यांना कोवळे, रसाळ कोंब फुटतात. या कोंबांवर किडीच्या अंड्यांचे पुंजके ठेवतात. पिले बाहेर येतात आणि कोंबांचा रस शोषू लागतात. बटाटा स्वस्त असतो, वर्षभर मिळतो, त्याला माती किंवा खत लागत नाही आणि एका ट्रेमध्ये तो हजारो किडींना पोसतो. सुमारे महिन्याभरात कीड योग्य वाढीची झाली, की ट्रे मलमलीच्या पिंजऱ्यात ठेवून त्यात माश्या सोडतात. माश्यांना अन्न म्हणून मधाचे थेंब कागदाच्या पट्टीवर देतात. पुढे ममी तयार होतात आणि त्यांतून माश्यांची नवी पिढी निघते.

हे कीटकपालनगृहाचे काम वाचायला सोपे, करायला कठीण. कीड वाढवण्याची खोली आणि माश्या वाढवण्याची खोली वेगळी ठेवावी लागते. चुकून दोन-चार माश्या पहिल्या खोलीत शिरल्या, तर मूळ साठाच संपेल. म्हणून काम करणारे आधी किडीच्या खोलीत जातात आणि मगच माश्यांच्या खोलीत, उलट कधीच नाही. मुंग्यांना दूर ठेवण्यासाठी मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. तापमान आणि आर्द्रता रोज लिहून ठेवतात. तयार माश्या हाताने पकडणे शक्य नसते. त्यासाठी एका लहान कुपीला दोन नळ्या जोडतात. एका नळीच्या तोंडाला आतून मलमल बांधलेली असते. तिच्यातून तोंडाने हवा ओढली, की दुसऱ्या नळीतून माशी अलगद कुपीत येते. मलमलीमुळे ती तोंडात जात नाही! अशी साधने घरच्या घरी करता येण्याजोगी आहेत, पण लाखो माश्या त्यांनीच गोळा होतात.

शेतात काय घडले?

ऑक्टोबर २०१० पासून तमिळनाडूत या माश्या शेतात सोडण्यास सुरुवात झाली. विद्यापीठाची संशोधन केंद्रे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनी माश्या वाढवून त्या गावोगाव पोहोचवल्या. सोडण्याची पद्धतही साधीच होती. कुपी किडलेल्या झाडाजवळ नेऊन उघडायची, की माश्या बाहेर पडतात. मात्र शेतकऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली: आता फवारणी करू नका. कीड समोर दिसत असताना हात आवरणे सोपे नसते. पण फवारणी केली, तर किडीआधी माशीच मरेल.

काही महिन्यांतच फरक दिसू लागला. पांढऱ्या पुंजक्यांत भोके पडलेल्या ममी सापडू लागल्या. २०११ मध्ये बहुतेक भागांत कीड आटोक्यात आली. तुतीच्या मळ्यांना पुन्हा पाने फुटली. तिन्ही जातींत असेरोफॅगस पपाये हीच सर्वांत चांगली रुजली. महाराष्ट्रातही पुणे भागातील पपईच्या बागांत ही कीड पोहोचली होती. तेथेही या माशीचा उपयोग करण्यात आला. या सर्व प्रयत्नाचा पाच वर्षांतला फायदा पन्नास कोटी डॉलरहून अधिक असावा, असा अंदाज अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. एवढा फायदा देणारी माशी आकाराने मोहरीच्या दाण्याहूनही लहान!

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कीड नाहीशी झालेली नाही, ती आजही आहे. कीड पूर्ण संपली, तर तिच्यावर जगणारी माशीही संपेल. कीड थोडी वाढली की माश्या वाढतात, माश्या वाढल्या की कीड घटते, कीड घटली की माश्याही घटतात. असा हा तोल चालू राहतो. मेक्सिकोत तो पूर्वीपासूनच होता. शास्त्रज्ञांनी नवे काही निर्माण केले नाही. माणसाच्या दळणवळणाने मोडलेला तोल त्यांनी जागेवर आणला.

आता सुरुवातीच्या प्रश्नांची उत्तरे तुम्हीच देऊ शकाल. मेलेले किडे जपतात ते नाव ओळखण्यासाठी. किडी पाळतात त्या त्यांच्या शत्रूंना पोसण्यासाठी. मेक्सिकोत १९५५ साली नमुने गोळा करणाऱ्याला, पुढे कधी तरी भारतातील तुतीचे मळे वाचवण्याच्या कामात त्यांची मदत होईल, असे वाटले असेल का? मुळीच नाही. तरीही त्या नोंदी झाल्या म्हणूनच पुढचे सारे घडू शकले. संकट आल्यावर संग्रह करायला बसलो, तर उशीर झालेला असतो. म्हणून संकट नसतानाही हे काम रोज चालू ठेवावे लागते. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांतही कीटकशास्त्र विभाग आहेत. शिक्षकांनी आधी पत्र लिहून परवानगी घेतली, तर असा विभाग वर्गाला दाखवता येईल.

करून पाहा

साहित्य: रुंद तोंडाची स्वच्छ काचेची बरणी, मलमलीचा तुकडा, रबर, भिंग, टिपकागद, वही.

कृती: जास्वंद, पेरू, सीताफळ किंवा पपई यांच्यावर पांढरी कीड असलेली लहान फांदी शोधा. ज्या झाडावर अलीकडे फवारणी झालेली नाही असेच झाड निवडा. फांदीवर मुंग्या असतील तर त्या हलकेच झटका. बरणीच्या तळाशी टिपकागद घालून फांदी आत ठेवा. तोंडावर मलमल घट्ट बांधा. बरणी उन्हात ठेवू नका. वहीत तारीख, ठिकाण आणि झाडाचे नाव लिहा. नंतर तीन आठवडे रोज एकाच वेळी भिंगातून पाहा आणि जे दिसेल ते लिहा. फांदी सुकली तर त्याच झाडाची ताजी डहाळी जवळ ठेवा. काम झाल्यावर बरणीतील कीड दुसऱ्या झाडावर जाऊ देऊ नका. फांदी साबणाच्या पाण्यात बुडवून मगच टाका. मात्र त्याआधी बाहेर आलेल्या माश्या जेथून फांदी आणली त्याच झाडाजवळ सोडा.

विचार करा

१. बरणीत काही किडी फुगून कडक झाल्या का? त्यांना गोल भोक दिसले का? त्यावरून तुम्ही काय ठरवाल?

२. फवारणी झालेल्या झाडावरील फांदी घेतली असती, तर निरीक्षणात काय फरक पडला असता?

३. मुंग्या किडीजवळ असल्या, तर परोपजीवी माशीचे काम सोपे होईल की कठीण? का?

४. तुमच्या वर्गातील दहा जणांनी गावाच्या वेगवेगळ्या भागांतून नमुने आणले आणि प्रत्येकाने तारीख, ठिकाण व झाड लिहिले, तर त्या नोंदींतून गावाविषयी कोणती माहिती मिळेल?